आकाशातील अपघात आणि पडद्यावरील चौकशी

चलच्चित्र आणि विमान ही दोन्ही एकाच पिढीची अपत्ये होत. पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून आपली हलती चित्रे लोकांस दाखविली आणि त्यानंतर पुरती आठ वर्षे होण्याच्या आत, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंनी किटी हॉकच्या वाळूवर आपले यंत्र काही क्षण हवेत तोलून धरले. आपल्या देशातही या दोहोंचे आगमन फारसे लांबले नाही. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी हलती चित्रे दिसली आणि १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस विमानाने टपाल गेले. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल म्हणून ज्याची नोंद आहे ते हेच. पुढे या दोन भावंडांची गाठ पडणे अपरिहार्य होते. विमानाला उंची होती, वेग होता आणि पदोपदी मृत्यूचे भय होते. चित्रपटाला याहून अधिक काय हवे?

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांना विमान ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. बदली, परिषद, दौरा, घरच्या आजारपणाची तार किंवा दूरध्वनी, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने त्यांनी विमानतळाच्या बाकावर अनेक तास काढलेले असतात. विमानाच्या अपघाताची बातमी आली म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून दोनच उद्गार निघतात. एक, ‘नशीब, दुसरे काय!’ आणि दुसरा, ‘वैमानिकाची चूक असणार.’ हे दोन्ही उद्गार प्रकरण मिटविणारे आहेत. ते उलगडण्याची इच्छा त्यांत नाही. विमानप्रवासावरील जुन्या, नामांकित चित्रपटांचा इतिहास पाहिला तर त्यांतील काही थोडे चित्रपट या दोन उद्गारांच्या पुढे गेलेले दिसतात. ‘हे का घडले, आणि कोणाला हे आधीच ठाऊक होते काय?’ असा तिसरा प्रश्न त्यांनी विचारला. या प्रश्नाची कथा आम्ही येथे सांगणार आहोत, कारण तिचा नायक पुष्कळदा वैमानिक नसून टेबलाशी बसणारा माणूस आहे.

प्रारंभीच्या काळात अर्थातच सारे तेज वैमानिकाचे होते. विल्यम वेलमन यांनी १९२७ साली काढलेला ‘विंग्ज’ हा पहिल्या महायुद्धातील वैमानिकांचा मूकपट. ऑस्कर पारितोषिकांचा पहिला समारंभ १९२९ मध्ये झाला तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. वेलमन स्वतः त्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने विमान चालवून आले होते, त्यामुळे ढगांतील झुंजी त्यांनी खऱ्याखुऱ्या आकाशात चित्रित केल्या. परंतु युद्धातील मरणाला कारण विचारण्याची गरज भासत नाही. शत्रू हेच कारण पुरेसे असते. नागरी विमानाची गोष्ट वेगळी. तेथे शत्रू नाही, आणि तरीही माणसे मरतात.

नागरी विमानाची पहिली मोठी कामगिरी प्रवासी नेण्याची नसून टपाल नेण्याची होती, आणि म्हणून १९३० नंतरच्या दशकातील विमानपटही टपालाचे आहेत. फ्रेंच लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी हा स्वतः दक्षिण अमेरिकेतील टपालविमानांचा वैमानिक होता. रात्रीच्या उड्डाणावरील त्याची कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली आणि तीवरून क्लॅरेन्स ब्राऊन यांनी १९३३ मध्ये ‘नाइट फ्लाइट’ हा चित्रपट काढला. या कथेत खरा ताण आहे तो कचेरीत. रिव्हिएर नावाचा अधिकारी रात्रीची उड्डाणे चालू ठेवण्याचा आग्रह धरतो. दिवसा मिळविलेला वेळ रात्री थांबल्याने वाया जातो आणि रेल्वे व जहाजे पुन्हा बरोबरी साधतात, हे त्याचे गणित. एक विमान वादळात सापडते, वैमानिकाची पत्नी कचेरीत येऊन बसते, आणि या अधिकाऱ्याला तिच्यासमोर उभे राहून दुसरे विमान वेळेवर सोडण्याचा हुकूम द्यावा लागतो. ज्यांनी कधी एखाद्या हुकुमावर सही केली आणि त्याचा परिणाम दुसऱ्याने भोगलेला पाहिला, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावयास नको.

हे चित्र आपल्यालाही अगदी परके नाही. १९४९ सालापासून पुढे अनेक वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली टपालविमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या गावी परतत. दूर प्रांती असलेल्या कित्येक मराठी घरांत सकाळी पोहोचलेले पत्र याच अंधारातून आलेले असे.

हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ हा चित्रपट १९३९ चा. त्याची भूमीही दक्षिण अमेरिकाच. एका बंदरगावातून अँडीज पर्वताच्या खिंडीपलीकडे टपाल नेणारी मोडकळीस आलेली कंपनी, आणि तिचा कारभार पाहणारा कठोर मनाचा प्रमुख. ही भूमिका कॅरी ग्रँट यांची. धुक्यात उतरताना एक तरुण वैमानिक मरतो. त्याच्यासाठी भाजून ठेवलेला मांसाचा तुकडा प्रमुख स्वतः खातो आणि त्या तरुणाचे नावही आपणास ठाऊक नसल्यासारखे बोलतो. बाहेरून आलेल्या स्त्रीला हे निर्दयपणाचे वाटते. हळूहळू तिला कळते की रोज मरणाशेजारी काम करणाऱ्यांनी शोधलेला तो एक उपाय आहे. या दृश्यामागे दिग्दर्शकाचे स्वतःचे दुःख नव्हते असे म्हणवत नाही. त्यांचे बंधू केनेथ हॉक्स हेही चित्रपट-दिग्दर्शक होते, आणि जानेवारी १९३० मध्ये चित्रीकरणाच्या वेळी दोन विमानांची पॅसिफिक समुद्रावर टक्कर होऊन त्यांच्यासह दहा माणसे मृत्यू पावली होती.

या दोन्ही चित्रपटांत मृत्यू हा आकाशाचा कर आहे. तो भरावयाचा आणि पुढे जावयाचे. धुके, पर्वत, वादळ यांच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करणार? विमान कसे बांधले, त्याची तपासणी कोणी केली, उड्डाणाची परवानगी कोणत्या दडपणाखाली दिली, हे प्रश्न या कथांना सुचत नाहीत. ते प्रश्न ज्याला सुचले तो मनुष्य १९३० साली एका मोठ्या दुर्घटनेचा जवळचा साक्षीदार होता, आणि त्या दुर्घटनेचा हिंदुस्थानाशी थेट संबंध होता.

ब्रिटिश सरकारने साम्राज्यातील दूरचे देश हवाई जहाजांनी जोडण्याची योजना आखली होती. दोन प्रचंड जहाजे बांधावयाची, एक खाजगी कंपनीने व एक सरकारने, असे ठरले. खाजगी जहाज ‘आर १००’. त्याच्या बांधणीत एक तरुण अभियंता होता, नेव्हिल शूट नॉर्वे. सरकारी जहाज ‘आर १०१’. ते इंग्लंडातून निघून कराचीस यावयाचे होते आणि त्याच्यासाठी कराचीत एक अवाढव्य निवारा बांधून तयार होता. विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः त्यातून येणार होते, आणि लंडनमधील साम्राज्य परिषदेसाठी त्यांना ऑक्टोबरात परत पोहोचावयाचे होते. जहाजाची पूर्ण वेगाची चाचणी झाली नव्हती. उड्डाणयोग्यतेचा तात्पुरता दाखला निघण्याच्या थोडेच आधी हाती आला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, हवामान बिघडत असताना, जहाज निघाले. आणि मध्यरात्रीनंतर काही तासांतच फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ जमिनीवर आदळून पेटले. चौपन्न माणसांपैकी अठ्ठेचाळीस मृत्यू पावली. त्यांत लॉर्ड थॉमसनही होते.

या दुर्घटनेच्या चौकशीचे अध्यक्ष होते सर जॉन सायमन. होय, ज्यांच्या आयोगाला दोनच वर्षांपूर्वी या देशाने काळी निशाणे दाखविली तेच सायमन. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात संयमी भाषेत एक फार मोठी गोष्ट नोंदलेली आहे. सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने त्या दिवशी निघणे अत्यंत इष्ट मानले गेले नसते, तर जहाज त्या संध्याकाळी हिंदुस्थानकडे निघालेच नसते, असा तिचा आशय आहे. कोणत्याही देशातील शासकीय लिखाणात यापेक्षा सौम्य शब्दांत यापेक्षा कठोर निर्णय क्वचितच आढळेल. वादळ होते, परंतु वादळात जाण्याचे कारण कागदावर होते.

नेव्हिल शूट यांनी हा इतिहास विसरला नाही. पुढे त्यांनी विमाने बांधण्याची स्वतःची कंपनी काढली, ती सोडून ते पूर्णवेळ कादंबरीकार झाले, आणि १९४८ साली त्यांनी ‘नो हायवे’ ही कादंबरी लिहिली. हेन्री कोस्टर यांनी तीवरून १९५१ मध्ये काढलेला चित्रपट म्हणजे ‘नो हायवे इन द स्काय’. आमच्या मते सर्व विमानपटांत सरकारी नोकराने आवर्जून पाहावा असा हाच एक.

त्याचा नायक थिओडोर हनी हा फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेतील एक विसराळू, विधुर शास्त्रज्ञ. भूमिका जेम्स स्टुअर्ट यांची. ‘रेनडिअर’ नावाच्या नव्या प्रवासी विमानाच्या शेपटाला सतत हादरे देऊन तो प्रयोग करीत आहे. त्याचे गणित असे की, सुमारे १४४० तासांच्या उड्डाणानंतर हे शेपूट मोडणार. बाहेरून काहीही दिसणार नाही. धातू एकाएकी हार खाईल. लोखंडाची तार आपण पुनःपुन्हा एकाच जागी वाकविली म्हणजे ती कशी पटकन तुटते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. धातूला येणारा थकवा तो हाच. परंतु हनीचे गणित अजून प्रयोगाने सिद्ध व्हावयाचे आहे. लॅब्रॅडॉरमध्ये एक रेनडिअर कोसळले आहे आणि चौकशीने त्याचा दोष वैमानिकाच्या माथी मारून प्रकरण मिटविले आहे. त्या अवशेषांची पाहणी करण्यासाठी हनीला पाठविण्यात येते, आणि अटलांटिकवर मध्यरात्री त्याच्या ध्यानात येते की आपण बसलो आहोत ते विमानही रेनडिअरच आहे आणि त्याचे तास भरत आले आहेत.

येथून पुढचा भाग विनोदी भासतो, पण त्याच्या तळाशी मोठी वेदना आहे. हनी वैमानिकाला सांगतो. वैमानिक त्याला वेडा समजतो, आणि मागे फिरण्याचा बिंदू केव्हाच ओलांडलेला असतो. तो एका हवाई सुंदरीला आणि सहप्रवासी असलेल्या नटीला सांगतो. त्या दोघींचा त्याच्यावर अर्धामुर्धा विश्वास बसतो. विमान न्यूफाउंडलंडमधील गँडरला सुखरूप उतरते. तेथील तंत्रज्ञ ते तपासतात, त्यांना कोठेही दोष आढळत नाही आणि विमान पुढे सोडण्याचा निर्णय होतो. तेव्हा हा बुजरा मनुष्य वैमानिकाच्या कक्षात शिरून चाके आत घेण्याचा दांडा ओढतो. उभे विमान पोटावर बसते. आता ते उडू शकत नाही. एका सरकारी नोकराने लक्षावधी पौंडांच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान केले आहे, आणि ते ज्याच्या आधारावर केले ते त्याचे गणित अजून कोणी मान्य केलेले नाही. त्याच्या डोक्याची तपासणी व्हावी असा विचार सुरू होतो. अखेर प्रयोगशाळेतील शेपूट मोडते. उशीर एवढ्यासाठीच झालेला असतो की, तापमानाचा परिणाम हनीने हिशेबात पुरेसा धरलेला नव्हता.

या कथेत खलनायक कोणी नाही. विमान बनविणारे प्रामाणिक आहेत, वैमानिक कुशल आहे, वरिष्ठ अधिकारी समंजस आहे. प्रत्येकजण आपल्या जागी वाजवी वागतो आणि तरीही सर्वजण मिळून माणसांना मरणाकडे पाठवीत असतात, कारण अपुऱ्या पुराव्याच्या इशाऱ्याचे काय करावयाचे याची सोय कोणत्याच नियमात नाही. ज्यांच्या टेबलावर असे टिपण कधीतरी आलेले आहे त्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावे.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा जगातील पहिले जेट प्रवासी विमान चाचणीच्या अवस्थेत होते. डी हॅविलँड कंपनीचे हे ‘कॉमेट’ २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गकडे प्रवासी घेऊन निघाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले आणि सहा मिनिटांतच हुगळी जिल्ह्यात वैशाखी वादळात कोसळले. विमानातील त्रेचाळीसही माणसे मृत्यू पावली. भारतात झालेल्या चौकशीत वादळाचे जबर झोत, किंवा त्यांना तोंड देताना नियंत्रणांचा झालेला अतिरेकी वापर, यांमुळे विमानाची रचना मोडली असा निष्कर्ष निघाला. वादळ खरोखरच होते, म्हणून तो निष्कर्ष पटण्यासारखा होता.

परंतु १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले तेव्हा आकाश दोषी ठरविण्याजोगे नव्हते. पस्तीस माणसे गेली. विमाने थांबविण्यात आली, सुचतील त्या सर्व सुधारणा केल्या गेल्या आणि मूळ कारण न कळताच २३ मार्च रोजी वाहतूक पुन्हा सुरू झाली. अवघ्या सोळा दिवसांनी, ८ एप्रिल रोजी, रोमहून कैरोकडे जाणारे दुसरे कॉमेट नेपल्सजवळील समुद्रात पडले; आणखी एकवीस बळी. आता मात्र सर्व कॉमेट विमाने जमिनीवर आली.

यानंतर फार्नबरोत जे घडले ते शूट यांच्या कल्पनेलाही मागे टाकणारे होते. सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक संपूर्ण कॉमेट मोठ्या पाण्याच्या टाकीत बुडविण्यात आले. विमान उंचावर गेले म्हणजे आतील हवेचा दाब त्याच्या भिंतींना बाहेर रेटतो, खाली आले म्हणजे तो ताण सुटतो. पाण्याचा दाब वाढवून आणि उतरवून हाच श्वासोच्छ्वास टाकीत रात्रंदिवस चालू ठेवला गेला. त्या विमानाने आधी १२२१ उड्डाणे केलेली होती. टाकीत आणखी १८३६ वेळा दाब दिल्यावर त्याची भिंत फाटली. दरम्यान इकडे ब्रिटिश आरमार एल्बाजवळच्या समुद्राच्या तळातून अवशेष वर काढीत होते आणि ते लाकडी सांगाड्यावर तुकड्याला तुकडा लावून मांडले जात होते. त्यांत छताचा एक तुकडा मिळाला. दिशाशोधक यंत्राच्या खिडकीशी त्यात थकव्याची भेग होती. खिडक्यांच्या व अशा इतर छिद्रांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटत होता. लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने हे सर्व १९५५ मध्ये जगापुढे ठेवले, आणि जगातील सर्व विमाने बांधणाऱ्यांनी, प्रतिस्पर्ध्यांनीही, त्याचा लाभ घेतला.

चित्रपटाने भविष्य सांगितले असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. चित्रपटातील दोष शेपटाच्या हादऱ्यांचा होता, कॉमेटचा दोष हवेच्या दाबाचा. पण धातू थकतो, आणि थकलेला धातू दिसत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे एकच. शूट हे ज्योतिषी नव्हते. ते अभियंते होते, आणि ‘आर १०१’ च्या काळापासून त्यांना ठाऊक होते की घाई आणि अभिमान यांचा दाब धातूवरही पडतो.

याच प्रसंगातून आणखी एक गोष्ट निघाली. कॉमेटच्या अपघातांचा विचार करणाऱ्यांत मेलबर्नच्या संशोधनसंस्थेतील डेव्हिड वॉरन हे तरुण शास्त्रज्ञ होते. त्यांचे वडील १९३४ साली विमान अपघातातच गेले होते. वैमानिकांचे शेवटचे बोलणे जर टिकून राहिले असते तर, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यातूनच ज्याला आज आपण ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो त्या यंत्राचा एक आरंभ झाला.

पन्नाशीतील लोकप्रिय विमानपट मात्र वेगळ्या वाटेने गेले. वेलमन यांचा ‘द हाय अँड द मायटी’ १९५४ चा. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्या विमानाचे इंजिन पेटते आणि किनारा गाठण्याइतके इंधन उरेल की नाही या शंकेत प्रत्येक प्रवाशाचे पूर्वायुष्य उलगडते. जॉन वेन यांचा वयस्क सहवैमानिक सर्वांना धीर देतो, आणि दिमित्री टिओमकिन यांच्या संगीताला ऑस्कर मिळाले. ‘झीरो अवर’ हा १९५७ चा. आर्थर हेली या माजी युद्धवैमानिकाने कॅनडाच्या दूरदर्शनसाठी लिहिलेल्या नाटकावर तो आधारलेला आहे. जेवणातील मासे बाधून दोन्ही वैमानिक आजारी पडतात आणि दहा वर्षे विमानाला हात न लावलेल्या एका प्रवाशाला ते उतरवावे लागते. वैमानिक व सहवैमानिक यांनी वेगवेगळे जेवण घेण्याचा प्रघात अनेक विमान कंपन्यांत आहे. या कथेचे बीज किती व्यवहारी होते हे त्यावरून कळावे. तथापि या चित्रपटांचा प्रश्न ‘आता काय होईल?’ हा आहे. ‘का झाले?’ हे विचारण्यास त्यांना सवड नाही.

तो प्रश्न १९६४ मध्ये ‘फेट इज द हंटर’ने पुन्हा उचलला. अर्नेस्ट गॅन यांच्या आत्मकथेचे केवळ नाव त्यात उरले आहे आणि गॅन त्यावर संतुष्ट नव्हते. तरीही रचना पाहण्याजोगी आहे. अपघात आरंभीच होऊन जातो. त्रेपन्न माणसे मरतात. वाचते ती एकटी हवाई सुंदरी. वैमानिक आदल्या रात्री मद्यालयात दिसला होता, एवढ्यावरून वृत्तपत्रे त्याचा निकाल लावतात. कंपनीचा उड्डाणप्रमुख मात्र, ही भूमिका ग्लेन फोर्ड यांची, मृत मित्राचा न्याय इतक्या स्वस्तात होऊ देत नाही. तो तसेच विमान, तीच वाचलेली मुलगी आणि त्याच हालचाली घेऊन पुन्हा उड्डाण करतो. तेव्हा कळते की, एक इंजिन पक्ष्याच्या धडकेने बंद पडले होते. आणि दुसरे, जे धडधाकट होते, त्याला आग लागल्याची खोटी सूचना मिळाली म्हणून वैमानिकाने ते स्वतः बंद केले. सूचना खोटी का मिळाली? हिंदकळलेला कॉफीचा पेला तारांवर सांडला म्हणून. चित्रपटाच्या नावात दैव आहे, परंतु त्याचा शेवट दैवाला एका पेल्याएवढे लहान करून दाखवितो.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ आला. सहारातील वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांतून लहान विमान बांधून सुटण्याची ही कथा. जुन्या बाण्याचा वैमानिक जेम्स स्टुअर्ट. बांधणीचा आराखडा सांगणारा जर्मन तरुण हार्डी क्रुगर. दोघांमध्ये समेट घडविणारा रिचर्ड ॲटनबरो, ज्यांनी पुढे १९८२ साली ‘गांधी’ काढला तेच. तरुण केवळ खेळण्यातील विमानांचे आराखडे करतो हे उशिरा कळते, पण उड्डाणाचे नियम लहानमोठ्यास सारखेच असतात. चौदा वर्षांपूर्वी ज्या नटाने कोणी न ऐकलेला अभियंता रंगविला होता, त्यानेच येथे अभियंत्याचे न ऐकणारा वैमानिक रंगवावा, हा योग विलक्षण खरा. स्टुअर्ट स्वतः दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमाने चालवून आलेले होते. दोन्ही बाजू त्यांना आतून ठाऊक असाव्यात. या चित्रपटाच्या चित्रीकरणात, ८ जुलै १९६५ रोजी, पॉल मँट्झ हा नामांकित वैमानिक मृत्यू पावला आणि चित्रपट त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला.

यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. हेली यांच्याच कादंबरीवरील ‘एअरपोर्ट’ १९७० साली आला. हिमवादळ, अडकलेली धावपट्टी आणि विमानात बाँब घेऊन बसलेला एक हताश मनुष्य यांना एकाच रात्री तोंड देणारा त्याचा नायक विमानतळाचा व्यवस्थापक आहे. फुकट प्रवास करणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेसाठी हेलन हेज यांना ऑस्कर मिळाले. ‘नाइट फ्लाइट’मध्ये वैमानिकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली पत्नी याच होत्या. त्या दोन भूमिकांमधील सदतीस वर्षांत विमान पराक्रमाचे साधन न राहता गर्दीचे वाहन झाले. पुढे ‘एअरपोर्ट’च्या नावाने तीन चित्रपट आले, प्रत्येकात अपघात अधिक अवाढव्य आणि कारण अधिक अशक्य. अखेर १९८० साली ‘एअरप्लेन’ या प्रहसनाने ‘झीरो अवर’चे कथानक आणि कित्येक संवाद जसेच्या तसे उचलून, त्यासाठी रीतसर हक्क घेऊन, साऱ्या प्रकाराची टर उडविली. लोक हसले, आणि ते हसणे रास्त होते. कारण न विचारणारे भय अखेर हास्यास्पदच होते.

प्रत्यक्ष जगाने या काळात पडद्यापेक्षा चांगली प्रगती केली. ‘नो हायवे इन द स्काय’ निघाला त्याच १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने अपघातांच्या चौकशीचे नियम प्रथम स्वीकारले. पुढे त्यांतून हे तत्त्व दृढ झाले की, चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. दोष वाटून देणे हा नव्हे. मराठी वाचकाला या संदर्भात एक नाव आठवल्याखेरीज राहणार नाही. ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी व पत्रकार यांना घेऊन निघालेले एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ दक्षिण चिनी समुद्रावर पेटले. कॅप्टन जटार यांनी ते समुद्रावर आणले. एकोणिसांपैकी तिघे वाचले. दीक्षित, पाठक आणि विमानाचे देखभाल-अभियंता अनंत कर्णिक. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत इंडोनेशियाच्या तपासकांना चाकांच्या खणात ठेवलेल्या घड्याळी बाँबचा पुरावा सापडला. अवशेष तळाशी तसेच राहते, तर त्या विमानाच्या देखभालीवर आणि ते चालविणाऱ्यांच्या नावावर संशयाचा डाग कायम राहिला असता. मेलेल्यांची अब्रू राखण्याचे कामही चौकशीच करते.

तरीही चौकशी करणाऱ्याबद्दल लोकांच्या मनात आणि पडद्यावर अढी उरलीच आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने गेलेले विमान हडसन नदीवर उतरले आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली. त्यावर २०१६ मध्ये ‘सली’ हा चित्रपट निघाला. त्यात चौकशी मंडळाचे सभासद वैमानिकाच्या मागे लागलेले दाखविले आहेत. प्रत्यक्ष चौकशीत काम केलेल्यांनी यास हरकत घेतली. वास्तविक, माणसाला विचार करावयास लागणारा वेळ म्हणून पस्तीस सेकंद धरून पाहिले असता विमान धावपट्टीपर्यंत पोहोचत नाही, ही चाचणी चौकशीनेच घेतली होती. वैमानिकाची बाजू सर्वांत भक्कमपणे त्या रुक्ष अहवालातच मांडलेली आहे. पण अहवालाला चेहरा नसतो, आणि चित्रपटाला तो लागतो.

म्हणूनच हनीचे महत्त्व आम्हांस वाटते. त्या रुक्ष कामाला पडद्याने एकदा तरी चेहरा दिला. विसरभोळा, चुकीच्या दारात किल्ली लावणारा, पण आपल्या आकड्यांपासून न हटणारा. आज आपण कोणत्याही विमानात बसतो तेव्हा खिडकीचे कोपरे गोलाकार असतात. ती गोलाई छपन्न माणसांच्या मरणातून, समुद्रातून काढलेल्या एका तुकड्यातून आणि कोणीतरी न कंटाळता ठेवलेल्या मोजणीच्या वहीतून आली आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाकडे पूल असेल, कोणाकडे बोगदा, कोणाकडे धरण किंवा रुग्णालय. त्यांच्याकडेही एखादा हनी टिपण घेऊन येईल. त्याचा पुरावा बहुधा अपुरा असेल, त्याची वेळ बहुधा अडचणीची असेल, आणि उद्‌घाटनाची तारीख बहुधा ठरलेली असेल. त्याला बसावयास खुर्ची द्यावी आणि त्याचे आकडे शेवटपर्यंत ऐकून घ्यावेत, एवढीच या चित्रपटांची आपल्याकडून अपेक्षा आहे.